तांबट आळीतला गुरुवार

आमच्या घरी रविवार गुरुवारी यायचा. वडिलांच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असे आणि काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांचं पंचांग त्या कंपनीवर चालायचं. डोक्याला तेल गुरुवारी, मटण गुरुवारी, पाहुणेही गुरुवारी. शाळा मात्र रविवारीच बंद राहायची, त्यामुळे वडील आणि मी एकमेकांच्या वाट्याला अख्खा दिवस असे फारसे आलोच नाही. मे महिन्यातले काही गुरुवार तेवढे मिळायचे. त्यातल्या एका गुरुवाराबद्दल मला सांगायचं आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते मूळचे निघोज्याचे. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास, पस्तिशी उलटल्यावर, शेत भावाच्या हवाली करून ते पिंपरीला कंपनीत लागले. काम प्रेस शॉपमध्ये. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारी दोन पुरुष उंचीची यंत्रं तिथे ओळीने उभी असत. त्या दणदणाटात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी पत्ता लागायचा नाही, म्हणून तिथल्या माणसांनी हातांवर भागवायला सुरुवात केली होती. टोपीला बोट लावलं की साहेब येतोय. पोटावरून हात फिरवला की जेवणाच्या सुट्टीला किती वेळ आहे. सगळ्यात मोठी खूण होती ती 'हात बाहेर'. मोठ्या प्रेसवर दोघं असत, एक पत्रा सरकवणारा आणि दुसरा पायाने पेडल दाबणारा. पत्रा नीट बसला की पहिल्याने दोन्ही पंजे खांद्यापर्यंत उचलून दाखवायचे. म्हणजे माझे हात यंत्राच्या बाहेर आहेत, आता तू चालव. पंजे दिसल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, हा तिथला धर्म. प्रेस शॉपमध्ये दहाही बोटं सांभाळून म्हातारं होणं ही मिरवायची गोष्ट होती.

मी लहान असताना आबा जेवताना हाच खेळ खेळायचे. आईने ताटात भाकरी टाकली की मी दोन्ही हात वर करायचो, मग ते 'हं, चालू' म्हणायचे, आणि मग घास. आई म्हणायची, "जेवू द्या की पोराला, हितं काय कंपनी हाय?"

त्या मे महिन्यात मी मॅट्रिक होऊन बसलो होतो आणि घरात या खेळाची कुणालाच आठवण उरली नव्हती. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी माझ्या डोक्यात पुण्याच्या कला महाविद्यालयाचं भरवून दिलं होतं. त्यांनीच फॉर्म आणून दिला, आणि जुन्या पेठांतली दहा रेखाटनं काढून सोबत जोड म्हणून सांगितलं. फॉर्मवर पालकांची सही लागणार होती. घोडं अडलं होतं ते तिथे.

आईचं म्हणणं वेगळं होतं. त्या काळी कंपनीच्या डॉक्टरने एखाद्याला अनफिट ठरवलं तर त्याच्या जागी त्याच्या मुलाला घेत. आमच्या शेजारच्यांनी पाठदुखीचं कारण पुढे केलं, मुलाला चिकटवलं आणि चाळभर पेढे वाटले. तेव्हापासून आई आबांच्या मागे लागली होती. "तुमची बी कंबर दुखतीच की. सांगा डागदरला. पोराचं कल्याण हुईल." आबा ऐकल्यासारखं करायचे आणि विडी पेटवायचे. मग आईचा पट्टा सुटायचा. "कानात बोळं घातल्यात का? कुणाशी बोलतीया मी, भितीशी? पालथ्या घड्यावर पानी!"

आबा तसे दोन-तीन वर्षांपासूनच गप्प झाले होते. कामावरून यायचे, हातपाय धुवायचे, भिंतीला टेकून बसायचे. मी दोनदा धीर करून म्हणालो, "आबा, मला चित्राच्या कॉलेजात जायचंय." दोन्ही वेळा ते चपलेचा अंगठा शिवत होते. एकदा 'हूं' म्हणाले, एकदा तेही नाही. त्यानंतर फळीवर ठेवलेला फॉर्म एक दिवस नाहीसा झाला. आठ दिवस शोधला, तेव्हा तो आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत घोंगडीखाली सापडला, चार घड्या घालून ठेवलेला. मी तो मुकाट्याने काढून दप्तरात लपवला. बापाला हे नको आहे आणि तसं तोंडाने म्हणायचीही त्याची तयारी नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. अठराव्या वर्षी माणसाला सगळ्याच गोष्टींचा अर्थ लागतो.

फॉर्म सोमवारी द्यायचा होता. गुरुवारी सकाळी मी कागद, पेन्सिली आणि तो फॉर्म झोळीत घालून पुण्याला निघालो, तर आईने तांब्याचा हंडा पोत्यात घालून आबांच्या खांद्यावर दिला. तिच्या माहेरचा तो हंडा बुडाशी चिरला होता. "तांबट आळीत न्या. आन् ह्याच्यासंगं जावा, त्यो निस्ता भितीकडं बघत बसंल." माझा चेहरा पडला. आबांनी ते पाहिलं की नाही कोण जाणे. पोतं सावरून ते माझ्या मागून चालू लागले.

महापालिकेपाशी बस सोडली, नव्या पुलावरून नदी ओलांडली आणि शनिवारवाडा डाव्या हाताला... की उजव्या, आता आठवत नाही, टाकून आम्ही कसब्यात शिरलो. पुण्याला आम्ही यायचो ते दवाखान्याला किंवा लग्नाच्या कापडखरेदीला. नुसतं बघायला म्हणून येणं आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. माझं तर डोळ्यांनी पोट भरेना. लाकडी गॅलऱ्या एकमेकींवर रेललेल्या, खांबांच्या माथ्यावर केळफुलांची नक्षी, एका दारावर घासून गुळगुळीत झालेला पितळी मोर. आमच्याकडे काळेवाडीत सगळंच दहा वर्षांपूर्वी बांधलेलं आणि दहा वर्षांत पोपडे आलेलं. इथे मात्र माणसाने हौसेने केलेली वस्तू कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या पुसत आलं होतं. मी एका ओट्यावर बसून पहिलं रेखाटन काढलं. आबांनी तेवढ्यात समोरच्या चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि खूश होऊन मान हलवली. मला त्याचीही लाज वाटली. लोकांच्या दाराला काय हात लावायचा!

कुंभारवाड्यात बिनरंगाचे गणपती फळ्यांवर वाळत ठेवले होते. तिथे दोन चित्रं झाली. आबा पोतं मांडीवर घेऊन सावलीत बसून राहिले. मी विचारलं, "पानी पिता का?" ते गणपतींकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही.

तिथून निघालो तर गल्लीत मागून पत्र्याची हातगाडी आली. गाडीवाला केव्हाचा ओरडत होता. मी बाजूला झालो, आबा मधूनच चालत राहिले. शेवटी गाडीचं टोक त्यांच्या पायाला लागलं तेव्हा ते दचकून सरले.

"ओ काका, बहिरे आहात का?" गाडीवाला खेकसला.

ओट्यावरची दोन मुलं फिसकन हसली. मला त्या गाडीवाल्याचा राग यायला हवा होता. मला आबांचा आला. मी पाय उचलला आणि दहा-बारा पावलं पुढे निघून गेलो, म्हणजे आम्ही एकत्र आहोत असं कुणाला वाटायला नको. आज लिहितानाही ती पावलं मला मोजता येतात.

तांबट आळी दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येते. आधी एक ठोका, मग दहा, मग सगळी आळी मिळून पाऊस लागल्यासारखी वाजू लागते. आळीत शिरलो आणि मी कानांवर हात ठेवले. दोन्ही बाजूंना घराच्या पुढच्या खोलीत माणसं जमिनीवर बसलेली, पायाच्या पंजाने भांडं लोखंडी खुंट्यावर धरलेलं, आणि हातोडीचा ठोका ठोक्याशेजारी पडत चाललेला. घंगाळं, बंब, घागरी. तांब्यावर ठोक्यांची बारीक खळी उमटायची आणि प्रत्येक खळीत दाराबाहेरचं ऊन. मला भराभर कागद काढावेसे वाटले. मागे वळून पाहिलं तर आबा आळीच्या तोंडाशी उभे होते, पायाने जमीन चाचपल्यासारखे, आणि हसत होते.

ते सरळ एका म्हाताऱ्या तांबटासमोर जाऊन बसले. पोत्यातून हंडा काढला. तांबटाने तो फिरवून पाहिला आणि काहीतरी विचारलं. मला अक्षर ऐकू आलं नाही. आबांना कळलं. त्यांनी उत्तर दिलं, तेही मला ऐकू आलं नाही, तांबटाला कळलं. मग दोघांची जी जुंपली! ओठ मोठे मोठे हलत होते, हात हवेत फिरत होते. आबांनी प्रेसचा दणका हाताने करून दाखवला, तांबटाने आपली हातोडी दाखवली. तांबट एकदा मांडीवर थाप मारून हसला. गेल्या दोन वर्षांत मी आबांना एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. दोन म्हातारी माणसं त्या कल्लोळात ओट्यावर बसल्यासारखी गप्पा मारत होती, आणि चांगले कान असलेला मीच तेवढा बाजूला खुळ्यासारखा उभा.

हंड्याची चीर बुजवायला तासभर लागणार होता. काम भावाकडे सोपवून तांबट उठला आणि चहा घ्यायला मला आतल्या चौकात घेऊन गेला. आबा बाहेरच ठोके बघत बसले. मध्ये एक जाड दार होतं, ते लोटल्यावर आवाज थोडा मागे राहिला.

मी तांबटाच्या मागून काहीतरी म्हणालो. तो वळून मोठ्याने म्हणाला, "समोर येऊन बोल, बाळ. मागून बोललास तर मला कळायचं नाही. आमच्या आळीत पन्नाशीनंतर कान कुणाचेच राहत नाहीत. वडिलांशीही असंच समोर बसून बोलत जा."

"त्यांच्याशी कशाला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला घरी ठाऊक नाही?"

मी त्याच्या समोर येऊन बसलो.

"अरे, डावा कान पार गेलाय त्यांचा. उजव्यात जरा धुगधुगी आहे. ते माझ्या ओठांकडे बघायला लागले तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, घरी सांगा. तर म्हणाले, सांगितलं की बायको डॉक्टरपुढे उभं करणार, डॉक्टर अनफिट करणार, आणि माझ्या जागेवर पोरगं उभं राहणार. पंधरा वर्षांत माझं झालं ते त्याचं होणार. मी आहे तोवर ती जागा मोकळी व्हायची नाही, म्हणाले." तांबटाने चहाचा घोट घेतला. "आणि तू का रे इतका कंपनीच्या मागे लागलास? म्हणाले, पोरानं कंपनीचा फॉर्मसुद्धा आणलाय. मी लपवून ठेवला तर काढून घेतला."

फॉर्म इंग्रजीत होता. आबा चौथी शिकलेले. आमच्या घरात इंग्रजी कागद यायचा तो कंपनीचाच, दुसरा कुठला येणार? मी दोनदा सांगितलेलं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं आणि आईने दिवसरात्र चालवलेला अनफिटचा धोशा तिच्या हातवाऱ्यांवरून, शेजाऱ्यांच्या पेढ्यांवरून त्यांना पुरता कळला होता. मी त्यांच्यापासून कॉलेज लपवत होतो, ते माझ्यापासून कंपनी लपवत होते, आणि दोघांच्या मध्ये एकच कागद.

मला रडू आलं. तांबटाने न पाहिल्यासारखं केलं.

मी बाहेर जाऊन आबांच्या समोर बसलो. गुडघ्याला गुडघा लावून, लहानपणी जेवायला बसायचो तसा. झोळीतून फॉर्म काढला. तो पाहताच त्यांचा चेहरा कठीण झाला. मी तोंड मोठं करून एकेक शब्द म्हणालो, "ह्यो कंपनीचा न्हाई." सकाळची चित्रं काढली, त्यांच्यावर बोट ठेवलं, मग फॉर्मवर. "ह्येचा हाय. चित्राच्या कॉलेजचा."

त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. त्यांनी विचारलं, "कंपनीचा न्हाई?" आवाज मला आला नाही. तोही मी ओठांवरूनच वाचला.

मी मान हलवली. आबांनी चित्रं हातात घेतली आणि एकेक करून पाहिली. गणपतींपाशी जरा थांबले. मग धोतराला हात पुसले, माझ्याकडून पेन घेतलं, शेजारचं एक तयार घंगाळ पालथं घातलं आणि त्याच्या बुडावर फॉर्म ठेवून सही केली. खालच्या खळ्यांमुळे अक्षरं अडखळत आली. सही झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही पंजे खांद्यापर्यंत उचलले.

हात बाहेर. आता तू चालव.

परत येताना पुलावर ते माझ्या बाजूने चालले, मी त्यांच्या उजव्या कानाशी. दरवर्षीच्या तपासणीतून सुटायची युक्ती त्यांनी मला सांगितली. डॉक्टर मागे उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा, आणि समोर रांगेतला जोडीदार बोटांनी ते आकडे दाखवायचा. सांगताना त्यांना हसू येत होतं. मग थांबून म्हणाले, "आईला सांगू नगं."

मी हो म्हणालो, आणि ते पाळलं. माझं शिक्षण संपलं, चिंचवडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायला लागलो, तोवर नाही, त्यानंतरही नाही. वडिलांना दिलेला शब्द म्हणून मी गप्प राहिलो असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यात तथ्य थोडंच आहे. आबा अनफिट झाले असते तर घराचं ओझं माझ्यावर आलं असतं, आणि मला ते नको होतं. मी घरी सांगून नोकरी नाकारू शकलो असतो. त्यांना प्रेसवरून काढून दुसऱ्या कामाला लावा म्हणून खेटे घालू शकलो असतो. मी वर्गात बसून उजेड-सावली शिकत होतो आणि तिकडे उजव्या कानातली धुगधुगी रोज आठ तास, ओव्हरटाइम धरून बारा तास, विझत होती. आई मात्र जेवताना त्यांना बोलतच राहिली. दगड म्हणाली, मुखदुर्बळ म्हणाली, एकदा तर "ह्या मानसाला माझं तोंडच बघायचं न्हाई" म्हणून रडली. खरं तर तिचं तोंड ते डोळ्यांत प्राण आणून बघत असत. मी भाकरी खात असायचो.

आबा निवृत्त झाले तेव्हा कंपनीत छोटा समारंभ झाला. आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. लाउडस्पीकरवरून आबांचं नाव पुकारलं. आबा खाली बघत बसलेले. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारच्या माणसाने त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते गडबडून उठले. मागे बसलेले प्रेस शॉपचे लोक मायेने हसले. कुणीतरी म्हणालं, "राव, आमच्या शॉपला कान घेऊन कोण रिटायर झालंय? बोटं दहा हायेत ना, बास!" आबांनी हार गळ्यात पडताच दहाही बोटं पसरून सगळ्यांना दाखवली. टाळ्या झाल्या.

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तिला तेवढं पुरलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"हंडा नेला व्हता, तवापास्नं."

तिने त्या हंड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी त्यास्नी काय काय बोलले. त्यास्नी ते ऐकू गेलं न्हाई, देवाची किरपा. पर तुला तर सगळं ऐकू येत व्हतं."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आबांसमोर मात्र ती त्याच संध्याकाळी जाऊन बसली, अगदी समोर, आणि कपाचा आकार हाताने करून तिने चहा हवा का विचारलं. त्यांनी हो म्हटलं. ती उठली आणि स्टोव्हपाशी पाठमोरी बसून रडली.

पाचव्या दिवशी, गुरुवारीच, मी आबांसमोर बसलो. तोवर उजवा कानही गेला होता. मी तोंड मोठं करून म्हणालो, "आबा, मी तवाच सांगाय पायजे व्हतं. तुमचा एक कान तरी राहिला असता." अर्ध्यात माझे ओठ थरथरायला लागले, म्हणून मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांना कळलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आणि दोन्ही पंजे उचलून मला दाखवले, दहाही बोटं धड असलेले.

आबांचे हात बाहेर होते. माझे अजून आत आहेत.